न्यू जर्सीतील बर्फाच्या रिंकवर दुखापत झाल्यास जबाबदार कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठी हिवाळ्यात मुलांना आईस स्केटिंगला नेणे आता नित्याचे झाले आहे. दुखापत झाली की मात्र ऐकीव माहितीवर निर्णय घेतले जातात. "प्रवेशाच्या कागदावर सही केली होती, आता काही होणार नाही" असे एक जण सांगतो, तर "अमेरिकेत कशासाठीही दावा लावता येतो" असे दुसरा सांगतो. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. पुढील उत्तरे प्रामुख्याने न्यू जर्सी राज्याच्या कायद्यावर आधारलेली असून शेवटाकडे न्यूयॉर्कबद्दल थोडे लिहिले आहे. ही सर्वसाधारण माहिती आहे. प्रत्यक्ष दुखापतीच्या प्रसंगी त्या राज्यातील परवानाधारक वकिलाचा सल्ला घेणे आवश्यक आहे, आणि तो लवकर घेणे का आवश्यक आहे हे पुढे स्पष्ट होईल.

रिंकवर पडून हात मोडला, तर रिंकने भरपाई द्यायलाच हवी का?

नाही. केवळ पडल्यामुळे किंवा हाड मोडल्यामुळे कोणतीही जबाबदारी निर्माण होत नाही. रिंक चालवणाऱ्याने वाजवी काळजी घेतली नाही, आणि त्या हयगयीमुळेच दुखापत झाली, हे दावा करणाऱ्याला दाखवावे लागते. तोल जाऊन माणूस पडला आणि मनगटावर भार आला, एवढीच हकीकत असेल तर दावा उभा राहत नाही. याउलट छतातून ठिबकणाऱ्या पाण्याने बर्फावर टेंगूळ आले होते, कडेच्या कठड्याची फळी निसटून तिची कड बाहेर आली होती, किंवा बर्फात खोल चर पडलेले असूनही पुढचे सत्र तसेच सुरू केले गेले, असे काही असेल तर विचार करण्याजोगा मुद्दा तयार होतो. त्यातही तो दोष रिंकला माहीत होता, किंवा इतका वेळ तसाच होता की माहीत असायलाच हवा होता, हे सिद्ध करावे लागते. पाच मिनिटांपूर्वी कोणाच्या तरी हातून पडलेला हातमोजा आणि दोन सत्रे तसेच राहिलेले टेंगूळ यांत कायदा फरक करतो.

"स्केटिंग म्हटले की पडणे आलेच, धोका तुम्ही स्वतःहून पत्करला" असे रिंक म्हणू शकते का?

म्हणू शकते, पण न्यू जर्सीत या वाक्याचे वजन लोकांना वाटते त्यापेक्षा कमी आहे, आणि त्यामागे एका बर्फाच्या रिंकवरचाच खटला आहे. कॅसिनो अरेना नावाच्या रिंकवर एक स्केटर पडून जखमी झाला. बर्फ नेहमीच्या पद्धतीने तयार केला गेला नव्हता, त्यामुळे तो वाजवीपेक्षा अधिक कठीण व निसरडा झाला होता, आणि नेहमीच्या बर्फासाठी धार लावलेले स्केट घालून आलेल्या साधारण कौशल्याच्या माणसाला तो पेलण्यासारखा नव्हता, असा पुरावा समोर आला. दुसरीकडे, वळताना आपले स्केट घसरत आहेत हे त्या स्केटरच्या लक्षात आले होते, तरीही तो बर्फावर थांबला आणि दुसऱ्या व्यक्तीच्या हातात हात गुंफून स्केटिंग करत राहिला.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५९मध्ये या प्रकरणात जो निर्णय दिला, तो आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे होते, की "धोका पत्करला" या एकाच शब्दप्रयोगाखाली दोन वेगळ्या गोष्टी लपतात. पहिली म्हणजे रिंकची चूकच नव्हती, बर्फ जसा असायला हवा तसाच होता, आणि पडणे हा खेळाचाच भाग होता. दुसरी म्हणजे रिंकची चूक होती, पण जखमी व्यक्तीही शहाणपणाने वागली नाही. पहिल्या स्थितीत रिंकचा निष्काळजीपणाच सिद्ध होत नाही, म्हणून दावा पडतो. दुसऱ्या स्थितीत प्रश्न जखमी व्यक्तीच्या स्वतःच्या निष्काळजीपणाचा असतो, आणि त्याचे मोजमाप निष्काळजीपणाच्याच निकषाने व्हायला हवे. यांव्यतिरिक्त "धोका पत्करला" हा तिसरा, स्वतंत्र बचाव उरत नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा, की बर्फ निसरडा असतो हे माहीत असणे आणि हा बर्फ चुकीच्या पद्धतीने तयार केला आहे हे माहीत असणे या दोन गोष्टींची सरमिसळ करून रिंकला सुटता येत नाही.

पडण्यात माझीही चूक असेल तर?

१९७३पासून न्यू जर्सीत तुलनात्मक निष्काळजीपणाचा कायदा आहे. ज्यूरी दोन्ही बाजूंच्या चुकीची टक्केवारी ठरवते. नुकसान १,००,००० डॉलरचे ठरले आणि तुमची चूक ३० टक्के असेल, तर ७०,००० डॉलर मिळतात. चूक बरोबर निम्मी असली तरी निम्मी रक्कम मिळते. मात्र प्रतिवादींपेक्षा तुमची चूक जास्त, म्हणजे ५१ टक्के ठरली, तर काहीच मिळत नाही. मोबाईलवर व्हिडिओ काढत स्केटिंग करणे, उलट दिशेने जाणे, बुटांच्या नाड्या सैल ठेवणे या गोष्टी येथे महागात पडतात. सात वर्षांखालील मूल निष्काळजीपणा करण्यास असमर्थ असते असे गृहीत धरले जाते, पण पुरावा देऊन ते गृहीतक खोडता येते.

मूल पडले तेव्हा पालकांचे लक्ष नव्हते, असे म्हणून रिंक आमच्यावर दोष ढकलू शकते का?

सहसा नाही. मुलावर लक्ष ठेवण्यातील साध्या चुकीसाठी आईवडिलांना या राज्यात संरक्षण आहे, आणि १९८३मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले. जाणूनबुजून किंवा बेदरकारपणे केलेल्या दुर्लक्षाला ते संरक्षण मिळत नाही.

रिंक कोणाच्या मालकीची आहे याने काय फरक पडतो?

आमच्या मते सर्वांत आधी विचारायचा प्रश्न हाच आहे, आणि नेमका तोच बहुतेक जण शेवटी विचारतात. वेस्ट ऑरेंजमधील कोडी अरेना एसेक्स काउंटीची आहे, मॉरिसटाउनजवळची मेनन अरेना मॉरिस काउंटीच्या पार्क कमिशनची आहे, आणि रोझेलच्या वॉरिनॅन्को पार्कमधील रिंक युनियन काउंटीची आहे. तिकीट खिडकी, भाड्याचे स्केट, कॉफीचा ठेला हे सगळे खासगी ठिकाणासारखेच दिसते, म्हणून आपण सरकारी जागेत उभे आहोत हे कोणाच्या ध्यानात येत नाही. दुखापतीनंतर मात्र कायदा बदलतो. खासगी रिंकवर दावा करण्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. काउंटी, नगरपालिका किंवा त्यांच्या पार्क कमिशनविरुद्ध दावा करायचा असेल, तर १९७२च्या टॉर्ट क्लेम्स ॲक्टनुसार (सरकारी संस्थांवरील भरपाईच्या दाव्यांचा कायदा) ९० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. ती चुकली की खरा आणि भक्कम दावाही बुडतो.

सार्वजनिक जागेवरील रिंक खासगी कंपनी चालवत असेल, तर दोघेही प्रतिवादी होऊ शकतात. ईस्ट रदरफोर्डच्या अमेरिकन ड्रीम मॉलसारख्या ठिकाणी मॉल खासगी आणि जमीन सार्वजनिक प्राधिकरणाची, असाही प्रकार आढळतो. म्हणून पहिल्या आठवड्यातच मालक कोण, चालक कोण आणि देखभालीचे कंत्राट कोणाकडे, या तिन्ही गोष्टी शोधाव्यात. शंका असेल तर सर्वांना नोटीस द्यावी. जास्तीची नोटीस दिल्याने काही बिघडत नाही.

रिंकच्या कार्यालयात अपघाताचा फॉर्म भरून दिला होता. तीच नोटीस धरली जात नाही का?

तिच्यावर विसंबून राहू नये. तो फॉर्म रिंकच्या स्वतःच्या नोंदीसाठी असतो. कायद्याला अपेक्षित नोटिशीत दावेदाराचे नाव व पत्ता, घटनेची तारीख, ठिकाण आणि परिस्थिती, दुखापतीचे वर्णन, माहीत असल्यास संबंधित कर्मचाऱ्यांची नावे आणि मागितलेली रक्कम असावी लागते, आणि ती योग्य त्या सरकारी संस्थेकडे पोहोचावी लागते. काउंटीची नोटीस राज्य सरकारकडे पाठवून चालत नाही. नोटीस दिल्यानंतर सहा महिने थांबून मगच न्यायालयात जाता येते.

९० दिवस उलटले असतील, तर घटनेपासून एक वर्षाच्या आत न्यायालयाची परवानगी मागता येते. मात्र त्यासाठी असाधारण परिस्थिती दाखवावी लागते, आणि "आम्हाला कायदा माहीत नव्हता" हे कारण त्यात बसत नाही. अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, मुलांसाठी ही मुदत सज्ञान होईपर्यंत थांबते. तरीही सुरुवातीलाच नोटीस द्यावी, कारण कायद्याने मुदत थांबली तरी साक्षीदार आणि व्हिडिओ थांबत नाहीत.

सरकारी रिंकविरुद्ध दावा जिंकणे अवघड असते असे म्हणतात. ते खरे आहे का?

खरे आहे, आणि त्याला एकाहून अधिक कारणे आहेत. पहिले असे, की जागा धोकादायक स्थितीत होती एवढे दाखवून भागत नाही, तर त्या धोक्याबाबत सरकारी संस्थेने जे केले किंवा केले नाही ते उघडउघड अवाजवी होते, हे दाखवावे लागते. साध्या निष्काळजीपणापेक्षा ही पायरी उंच आहे.

दुसरे कारण वेदना व यातनांच्या भरपाईसंबंधी आहे. ती सरकारी संस्थेकडून मिळण्यासाठी शरीराच्या एखाद्या कार्याची कायमची हानी, कायमची विद्रूपता किंवा अवयव गमावणे यांपैकी काहीतरी व्हावे लागते, आणि वैद्यकीय खर्चही ३,६०० डॉलरहून अधिक व्हावा लागतो. अमेरिकेतील दर पाहता खर्चाची अट इमर्जन्सी रूममध्येच पूर्ण होते, खरी अडचण "कायमची हानी" या शब्दांत आहे. प्लास्टर निघाल्यावर पूर्ववत झालेले मनगट येथे पात्र ठरत नाही. युनियन काउंटीविरुद्धच्या २०००च्या एका खटल्यात गुडघ्याची वाटी मोडून ती तारा व पिना घालून जोडावी लागली होती, आणि अशी हानी या निकषात बसते असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. तो अपघात रिंकवरचा नव्हता, परंतु स्केटिंगमध्ये मोडलेल्या हाडांच्या दाव्यात हा निकाल उपयोगी पडतो. वैद्यकीय खर्च व बुडालेली कमाई यांना ही अट लागू नाही.

तिसरे कारण देखरेखीचे. सार्वजनिक मनोरंजनाच्या ठिकाणी देखरेख पुरवली नाही म्हणून सरकारी संस्थेला जबाबदार धरता येत नाही, असे कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. देखरेख मुळीच नसणे आणि नेमलेल्या गार्डने ती निष्काळजीपणे करणे यांत मात्र फरक केला जातो. म्हणून "गार्डच नव्हता" ही तक्रार काउंटीच्या रिंकवर कमकुवत ठरू शकते, तर "गार्ड समोर उभा होता आणि शर्यत लावणाऱ्या मुलांना त्याने अडवले नाही" ही तक्रार अधिक टिकण्याजोगी आहे. सामान्य माणसाला हे तर्कट उलटे वाटेल, आणि तसे वाटणे चुकीचे नाही.

प्रवेशाच्या वेळी वेव्हरवर, म्हणजे दाव्याचा हक्क सोडल्याच्या कागदावर, सही केली होती. आता दावा संपला का?

सज्ञान व्यक्तीच्या बाबतीत वेव्हरला पुष्कळ बळ आहे. पॉवरहाउस जिमविरुद्धच्या २०१०च्या खटल्यात व्यायामाच्या सायकलचा हँडल निसटून एक सभासद पडली. तिने पहिल्याच दिवशी न वाचता सही केली होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने साध्या निष्काळजीपणापुरता तो वेव्हर वैध ठरवला. बेदरकारपणा किंवा घोर निष्काळजीपणा मात्र कोणत्याही कागदाने माफ होत नाही. बर्फ साफ करणारे झँबोनी यंत्र लोक स्केटिंग करत असतानाच आत आणणे हे त्याचे उदाहरण म्हणता येईल.

दुसरी मर्यादा जागेची आहे. २०१४च्या वायएमसीएविरुद्धच्या एका खटल्यात जखमी व्यक्ती पोहण्याच्या तलावाकडे नेणाऱ्या जिन्यावर घसरली होती. व्यायामाच्या अंगभूत धोक्याशी संबंध नसलेल्या अशा साध्या अपघातापासून वेव्हर संस्थेला वाचवू शकत नाही, असे अपील न्यायालयाने ठरवले. हाच तर्क पुढे नेला, तर बर्फावरचे पडणे आणि रिंकच्या पार्किंगमध्ये, स्वच्छतागृहात किंवा बूट बदलण्याच्या बाकाजवळ फाटलेल्या रबरी चटईला अडखळून पडणे, ही दोन वेगळी प्रकरणे ठरतात.

मुलाच्या वतीने मी सही केली होती.

मग घाबरण्याचे कारण नाही. मूरस्टाउनच्या एका स्केटबोर्ड पार्कमध्ये १२ वर्षांच्या मुलाच्या मांडीचे हाड मोडले. त्याच्या आईने प्रवेशाच्या वेळी हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली होती. २००६मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की व्यावसायिक मनोरंजनाच्या ठिकाणी अज्ञान मुलाचा भविष्यातील दाव्याचा हक्क पालकांना आगाऊ सोडून देता येत नाही. पण त्याच निकालात लवादाचे कलम ग्राह्य धरले गेले. म्हणजे मुलाचा हक्क शाबूत राहतो, फक्त तो ज्यूरीपुढे न जाता लवादापुढे मांडावा लागू शकतो. म्हणून सही करताना "लवाद" हा शब्द शोधावा. ऑनलाइन तिकिटाच्या चौकटीवर टिचकी मारतानाही तो तेथे असू शकतो.

दुसऱ्या स्केटरने मागून धडक दिली. त्याच्यावर दावा करता येतो का?

साध्या चुकीसाठी नाही. मित्रमंडळींत चाललेल्या सॉफ्टबॉलच्या सामन्यातील धडकेवरून १९९४मध्ये असे ठरले, की करमणुकीच्या खेळात एका खेळाडूने दुसऱ्यावर दावा करायचा असेल तर बेदरकारपणा किंवा जाणीवपूर्वक इजा दाखवावी लागते. थांबता न आल्यामुळे शिकाऊ माणूस आदळला, हे त्यात बसत नाही. गर्दीत उलट दिशेने वेगाने येणारा, दोनदा ताकीद मिळालेला तरुण बसू शकतो. आणि ती ताकीद देणाऱ्या रिंकने त्याला बाहेर का काढले नाही, हा पुढचा प्रश्न मग रिंकला विचारता येतो.

भाड्याने घेतलेले स्केट सदोष होते. ते कसे सिद्ध करायचे?

स्केट परत करण्यापूर्वी त्याचा फोटो काढावा. बुटावर लिहिलेला क्रमांक, तुटलेले बकल, सैल झालेले पाते, बोथट धार हे सगळे त्यात दिसायला हवे. बूट एकदा काउंटरपलीकडे गेला की तो शेकडो बुटांत मिसळतो आणि पुरावा संपतो. मापाचा बूट नसताना मोठा बूट दिला गेला असेल, तर पावती जपून ठेवावी.

बंदिस्त रिंकमध्ये मुलांना डोकेदुखी व मळमळ झाली. हाही दुखापतीचा प्रकार आहे का?

आहे, आणि याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. बर्फ गुळगुळीत करणारी यंत्रे प्रोपेन किंवा पेट्रोलवर चालत असतील आणि वायुवीजन अपुरे असेल, तर कार्बन मोनॉक्साइड व नायट्रोजन डायऑक्साइड साचतात. एकाच वेळी अनेकांना त्रास होऊ लागला तर तत्काळ बाहेर पडून ९११वर फोन करावा आणि डॉक्टरांना रिंकचा उल्लेख आवर्जून सांगावा. कार्बन मोनॉक्साइड रक्तात तपासता येतो, पण काही तासांत त्याचे प्रमाण उतरते. हवा हा स्केटिंगचा अंगभूत धोका नव्हे, त्यामुळे येथे रिंकचे बचाव पुष्कळ दुबळे होतात.

आइस हॉकीचा सामना पाहताना पक (खेळातील रबरी चकती) लागला तर?

२००८च्या ट्रेंटन येथील प्रकरणात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मर्यादित कर्तव्याचा नियम लागू केला. सर्वांत धोक्याच्या भागात संरक्षक आवरण आणि मागणी असेल तितक्या सुरक्षित जागा पुरवल्या असतील, तर प्रेक्षागृहातील फटक्यासाठी चालक सहसा जबाबदार ठरत नाही.

गोठलेल्या तळ्यावर स्केटिंग करताना बर्फ फुटला तर?

तेथे भरपाईची आशा धरू नये. तळे, नदी यांच्या नैसर्गिक स्थितीमुळे झालेल्या इजेसाठी सरकारी संस्थांना संरक्षण आहे, आणि खासगी मोकळ्या जमिनीवर विनामूल्य स्केटिंग करू देणाऱ्या मालकालाही वेगळ्या कायद्याने बऱ्याच अंशी संरक्षण मिळते.

भारतातून आलेले माझे आईवडील रिंकवर पडले. ते व्हिजिटर व्हिसावर आहेत. त्यांना दावा करता येतो का?

येतो. व्हिसाचा प्रकार किंवा नागरिकत्व याने दाव्याचा हक्क जात नाही. अडचणी व्यावहारिक असतात. परतीचे तिकीट जवळ आलेले असते, व्हिजिटर इन्शुरन्सची मर्यादा शस्त्रक्रियेत संपते, आणि पुढचे उपचार पुण्यात किंवा नाशिकमध्ये होतात. म्हणून जाण्यापूर्वी वकिलाची भेट घडवावी, येथील एक्स-रे व अहवालांच्या प्रती सोबत द्याव्यात, आणि भारतातील डॉक्टरांकडून तारीखवार नोंदी व पावत्या घ्याव्यात. तिथली बिले इथल्या मानाने किरकोळ असतात. त्यामुळे खर्चाचा आकडा लहान दिसतो, पण कायमचे अधूपण त्या आकड्यावर मोजायचे नसते.

आमच्या मंडळाने सहलीसाठी संपूर्ण रिंक भाड्याने घेतली आहे. मंडळाची जबाबदारी किती?

भाडेकरारातील भरपाईचे कलम नीट वाचावे. पुष्कळ करारांत "कार्यक्रमात कोणालाही इजा झाल्यास रिंकवर येणारा खर्च आयोजक सोसेल" अशा अर्थाचे वाक्य असते, आणि ते कधीकधी रिंकच्या स्वतःच्या चुकीपर्यंत ताणलेले असते. ते कलम आयोजकांच्या चुकीपुरते मर्यादित करून घ्यावे. मंडळाकडे एक दिवसाच्या कार्यक्रमाचा दायित्व विमा असावा. न्यू जर्सीत धर्मादाय, धार्मिक व शैक्षणिक संस्थांना लाभार्थींनी निष्काळजीपणाबद्दल केलेल्या दाव्यांपासून संरक्षण आहे, मात्र प्रत्येक नोंदणीकृत ना-नफा मंडळाला ते आपोआप मिळते असे समजू नये.

नदीपलीकडे, न्यूयॉर्कमध्ये हेच नियम आहेत का?

नाहीत, आणि गंमत अशी, की फरक दोन्ही दिशांनी आहे. रॉकफेलर सेंटर किंवा सेंट्रल पार्कच्या वोलमन रिंकसारख्या ठिकाणी शुल्क घेऊन प्रवेश दिला असेल, तर चालकाला त्याच्या निष्काळजीपणातून मुक्त करणारा वेव्हर न्यूयॉर्कच्या कायद्याने रद्दबातल ठरतो, मग सही सज्ञानाची असली तरी. मात्र "धोका पत्करला" हा बचाव तेथे जिवंत आहे. १९२९मध्ये कोनी आयलंडच्या सरकत्या पट्ट्यावर पडलेल्या तरुणाचा दावा फेटाळताना न्यायमूर्ती कार्डोझो यांनी "भित्र्यांनी घरी बसावे" अशा अर्थाचे वाक्य लिहिले, आणि खेळातील उघड व अंगभूत धोक्यांच्या बाबतीत त्याची छाया अजून टिकून आहे. खासगी चालकाविरुद्ध मुदत तीन वर्षांची आहे. शहर प्रतिवादी असेल तर ९० दिवसांत नोटीस आणि घटनेपासून एक वर्ष ९० दिवसांत दावा, असे गणित आहे. स्वतःची चूक जास्त असली तरी त्या प्रमाणात कापून भरपाई मिळते, ५१ टक्क्यांची भिंत तेथे नाही.

अपघाताच्या दिवशी नेमके काय करावे?

उपचार आधी. डोक्याला मार लागला असेल तर "बरे वाटते आहे" म्हणून घरी येऊ नये. त्यानंतर ज्या जागी पडलात तिचे फोटो घ्यावेत, कारण पुढच्या विश्रांतीत झँबोनी फिरले की चर आणि टेंगूळ दोन्ही नाहीसे होतात. जवळच्या स्केटरचे नाव व फोन नंबर घ्यावा. अपघाताच्या फॉर्मवर जे घडले तेवढेच लिहावे, "माझीच चूक" असे सौजन्यापोटी लिहू नये. आपल्याकडे संकोचाने असे सहज बोलले जाते आणि नंतर ते कागदावर छापून समोर येते. सीसीटीव्हीचे चित्रण पुसले जाण्याआधी ते जतन करण्याची लेखी मागणी त्याच आठवड्यात पाठवावी. विमा कंपनीचा फोन आला तर वकिलाशी बोलण्यापूर्वी ध्वनिमुद्रित जबाब देऊ नये.

वकिलाची फी परवडेल का?

असे दावे यशाच्या टक्केवारीवर घेतले जातात. भरपाई मिळाली तरच फी द्यायची असते. राज्याच्या न्यायालयीन नियमांनुसार पहिल्या ७,५०,००० डॉलरवर कमाल एक तृतीयांश फी घेता येते, आणि अज्ञान मुलाचा दावा सुनावणीविना मिटला तर कमाल २५ टक्के. दावा हरला तर प्रत्यक्ष खर्च कोणी सोसायचा हे करारात आधीच स्पष्ट करून घ्यावे. मुलाच्या दाव्यात तडजोड झाली तरी न्यायाधीशांची मंजुरी लागते, आणि रक्कम साधारणपणे काउंटीच्या सरोगेट कार्यालयाकडे (वारसा व अज्ञानांच्या निधीचे काम पाहणारे कार्यालय) जमा होऊन मूल १८ वर्षांचे झाल्यावर त्याला मिळते. पालकांना ती मधल्या काळात घरखर्चासाठी वापरता येत नाही.